अठ्ठावन्ननंतरची नेमणूक

राज्य सरकारच्या नोकरीत वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली की माणूस निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, चार भाषणं, एक ग्रूप फोटो. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. माझाही निरोप असाच झाला. त्यानंतर थोड्याच काळात किडनीच्या आजाराने माझे यजमान गेले. मुलं नोकरीपायी पुण्याला. जो तो म्हणे, "आयुष्यभर राबलात, आता आराम करा." पण सकाळचे अकरा वाजले की घर खायला उठायचं. ज्या हातांना दिवसभर काम असायचं, त्यांना करायला काही उरलं नव्हतं.

त्या घरातून मला बाहेर काढलं ते माझ्या विश्वासाने. मी अकोल्याच्या अलायन्स मंडळीत वाढले, वाशिमला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले आणि अमरावतीत संसार केला. रविवारची उपासना लहानपणापासून चुकली नाही. पण प्रभूने आपल्याला पुन्हा कामाला बोलावलं आहे, हे मला उतारवयातच उमगलं. त्यानंतरच्या वर्षांत जे शिकले ते इथे मांडते आहे. माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच रिकाम्या घरात बसलेल्या कोणाला त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

१. निवृत्ती नोकरीला असते, बोलावण्याला नसते

पवित्र शास्त्र उघडून पाहा. मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता. कालेबाने ८५ व्या वर्षी यहोशवाकडे सपाट, सोपी जमीन मागितली नाही. त्याने डोंगराळ मुलूख मागून घेतला. हन्ना संदेष्ट्री ८४ वर्षांची विधवा होती. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा त्याच्याविषयी लोकांना सांगणाऱ्यांत ती पुढे होती. यांपैकी कोणालाही देवाने "तुझं झालं, आता बस" असं म्हटलेलं नाही.

आपल्या मराठी मुलखातही हेच दिसतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यानंतर वीसेक वर्षं त्यांनी मिशनमध्ये काम केलं. नाव झालं, मान मिळाला. आणि १९१७ साली, पंचावन्नी उलटलेली असताना, त्यांनी मिशनचं काम सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. म्हणजे त्या नव्या कामाला जेमतेम दोन वर्षं मिळाली. तरीही टिळकांचं नाव घेताना त्या दोन वर्षांना वगळून कोणाला पुढे जाता येत नाही. आणि आमच्या अमरावतीच्या मातीतले गाडगेबाबा? ८० वर्षांचं शरीर घेऊन ते शेवटपर्यंत फिरत राहिले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. धर्म वेगळा, वाट वेगळी, पण थांबणं दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मला पेन्शन मिळते. त्याकडे मी आता असं पाहते की माझ्या जेवणाखाण्याची सोय लावून देवाने मला मोकळं केलं आहे. पगारासाठी काम करावं लागत नाही, म्हणून ज्याला पगार नाही असं काम करता येतं.

२. दुःखाला काम द्यावं

पती गेल्यावर दुःख विसरायला सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते विसरायचं नव्हतं. यजमानांच्या आजारपणात डायलिसिसच्या वॉर्डातले ते चार-चार तास मी पाहिले होते. आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जायचं, हातात सुया, शेजारी मशीनची घरघर, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्या घड्याळाचा काटा किती हळू सरकतो, हे ज्याने पाहिलं त्यालाच कळतं. यजमान गेल्यावर काही महिन्यांनी मी पुन्हा तशाच एका वॉर्डात गेले, पण या वेळी दुसऱ्यांच्या उशाशी बसायला.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच प्यायलं, आणि किडनीचे रोगी त्या गावांतून सतत येत असतात. दर्यापूरकडचा एक शेतकरी मला म्हणाला, "सिस्टर, मशीन लावते तवा कोनी बाजूले असलं म्हंजे बरं वाटते. बोलू नका काई, नुसत्या बसा." त्याच्याजवळ बसायला मी नर्स असण्याची गरज नव्हती. मी त्या अनुभवातून गेलेली असणं पुरेसं होतं.

लक्ष्मीबाई टिळक १९१९ साली विधवा झाल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ मध्ये, म्हणजे त्यांच्या साठीनंतर. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली. रमाबाई तेव्हा साठीच्या पुढच्या आणि खचलेल्या प्रकृतीच्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळातून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मात्र त्यांनी हातचं सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. या दोघींचं दुःख काही कमी झालं नसेल. पण ते घरात कोंडून न ठेवता त्यांनी त्याला कामाला लावलं, आणि त्या कामाचा लाभ आजही आपल्याला होतो.

३. आधी विचारावं, मग द्यावं

यरीहोच्या वेशीवर आंधळा बार्तीमय येशूला हाका मारत होता. त्याला काय हवं असेल हे कोणीही सांगितलं असतं. तरी प्रभूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न मी पाठ करून ठेवला आहे. आपण घरातून ठरवून निघतो, फळं नेऊ, चादर नेऊ. समोरच्याची नड मात्र वेगळीच असते.

आमच्या भागातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना विचारत गेले तेव्हा बहुतेकांची नड कागदांची निघाली. श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी, संजय गांधी निराधार योजना त्याखालच्या विधवा, अपंग, निराधारांसाठी. दोन्हींसाठी सर्वसाधारणपणे वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो सेतू केंद्रातून काढायचा. वयाचा पुरावा, रहिवासी पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं. आधारवरची जन्मतारीख एक, मतदार ओळखपत्रावरची दुसरी. आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो वेळेत गेला नाही तर पैसे बंद.

जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या एका आजीने मला आपले तळहात दाखवले. बोटांच्या टोकांवरच्या रेषा पार झिजून गेलेल्या, कातडी चामड्यासारखी गुळगुळीत. "पयसे येऊन रायले नाई व माय. अंगठा लागत नाई म्हंते." मग मी शिकले. बोटं साबणाने धुऊन नीट कोरडी करायची, दहाही बोटं लावून पाहायची, नाहीच उमटली तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते का ते आधार केंद्रात विचारायचं. आजीचे पैसे सुरू झाले. महिन्याचे दीड हजार. तिच्या चहा-साखरेची आणि बीपीच्या गोळीची सोय झाली. विधवांची आणि परक्यांची काळजी घ्या, असं शास्त्र वारंवार बजावतं. आजच्या दिवसांत त्या काळजीची सुरुवात पुष्कळदा सेतू केंद्राच्या रांगेत होते.

४. हात लावावा

परतवाड्याजवळच्या कोठाऱ्यात लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. तेव्हा त्यांनीही पन्नाशी ओलांडलेली होती. त्यामुळे आमच्या जिल्ह्याला या सेवेची परंपरा मोठी आहे. आता सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी कुष्ठरोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण ज्यांना ही औषधं येण्याआधी रोग झाला किंवा उशिरा उपचार मिळाले, त्यांच्या हातापायांची गेलेली संवेदना परत येत नाही.

अशा एका बुवांच्या तळपायाला जखम होती. पायात खडा शिरला होता आणि त्यावरून ते दिवसभर चालले होते. मी विचारलं, "बुवा, कळलं कसं नाही?" ते म्हणाले, "दुखत नाई ना माय, म्हनून तर कळत नाई." दुखणं ही देवाची किती मोठी देणगी आहे, हे त्या दिवशी समजलं.

जखमेची पट्टी झाली, ती भरली आणि मग आम्ही पायाची रोजची निगा ठरवून घेतली. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय भिजवायचे. गरम पाणी अजिबात नको, कारण चटका बसलेला त्यांना कळणार नाही. मग घट्टा झालेली कातडी खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासायची, पाय ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं आणि शेवटी उजेडात तळवा निरखून पाहायचा. बुवांना वाकता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी एक लहान आरसा आणला. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, ही सवय लावली. आतून मऊ रबराची खास चप्पल मिळवून दिली.

नोकरीत मी असंख्य पट्ट्या केल्या, पण तेव्हा पुढचा रोगी रांगेत उभा असे. आता घाई नसते. येशूने कुष्ठरोग्याला नुसत्या शब्दानेही बरं केलं असतं. पण शास्त्र सांगतं की त्याने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला. पाट मांडून एखाद्याचा पाय हातात घेतला की मला ती गोष्ट आठवते आणि माझी प्रार्थना तिथेच होते.

५. सेवेला अट घालू नये

एका बाईने मला सरळ विचारलं, "बाई, तुमी चर्चच्या ना? मंग आमाले काय करा लागीन?" तिची शंका रास्त होती. गावोगाव लोकांच्या मनात ती असते. मी म्हणाले, "काही नाही माय. तुमचा दाखला निघाला की माझं काम झालं."

येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्या माणसाची जात विचारली नाही, त्याच्याकडून काही कबूलही करून घेतलं नाही. तेल आणि द्राक्षारस जखमांवर ओतला, पट्ट्या बांधल्या, उतारशाळेचा खर्च दिला आणि आपल्या वाटेने गेला. मी माझा विश्वास लपवत नाही. गळ्यात क्रूस असतो, पिशवीत शास्त्र असतं. कोणी विचारलं की मी हे का करते, तर प्रभूचं नाव घेऊन सांगते. कोणी प्रार्थना करा म्हटलं तर मनापासून करते. न विचारता मात्र कोणाच्या आजारपणाचा किंवा गरजेचा मी कधी उपयोग करून घेत नाही. सेवेच्या बदल्यात काही मागितलं की ती सेवा राहत नाही, हे मी अगदी ठामपणे मानते. आमच्या सोबत आता गुरुदेव सेवा मंडळातल्या एक ताई येतात आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या एक आपाही. चहा एकत्र होतो, काम एकत्र होतं.

६. आधी गुडघे, मग पाय

उत्साहाच्या भरात सुरू केलेली सेवा लवकर आटते. उन्हाळ्यात वऱ्हाडातलं ऊन ४५ अंशांवर जातं. पाय दुखतात, लोक कधीकधी टाकून बोलतात, कधी सगळी कागदपत्रं देऊनही अर्ज परत येतो. अशा वेळी टिकाव धरायचा तर मुळाशी प्रार्थना हवी. मला आता जमिनीवर गुडघे टेकता येत नाहीत. पहाटे खुर्चीतच बसते, एक उतारा वाचते, त्या दिवशी ज्यांच्याकडे जायचं त्यांची नावं एकेक करून देवापुढे घेते. नाव घेऊन प्रार्थना केली की त्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. कालचा चिडका म्हातारा आज आपला वाटतो.

दुसरं म्हणजे नेम आणि सोबत. वार ठरलेला असावा. "जमेल तेव्हा येईन" म्हणणाऱ्याची कोणी वाट पाहत नाही. "गुरुवारी येते" म्हणणाऱ्यासाठी लोक अंगणात खाट टाकून बसतात. आणि एकटीने जाऊ नये. प्रभूने आपल्या शिष्यांना दोघा-दोघांना पाठवलं. आमच्या भगिनी मंडळातल्या आम्ही काही जणी जोडीने जातो. एकीला लिहिता येतं, दुसरीला ऐकता येतं. एक थकली तर दुसरी सांभाळते. आणि महिन्यातून एकदा सगळ्या जमून कोणाचं काम अडलंय ते बोलतो, त्यासाठी प्रार्थना करतो आणि मग फोन करायला लागतो.

७. सेवा घ्यायलाही शिकावं

आयुष्यभर दुसऱ्यांची शुश्रूषा केलेल्या माणसाला स्वतः आधार घेणं जड जातं. पेत्रालाही प्रभूने त्याचे पाय धुणं नको वाटलं होतं. मागच्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला, तेव्हा शेजारच्या मुली डबा आणून देत, आणि ज्या आजीचा दाखला काढला होता त्या काठी टेकत, भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. मी जेवले आणि देवाचे आभार मानले. त्यांना काही देता आलं, याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता. तो आनंद त्यांच्यापासून हिरावून घेण्याचा मला काय अधिकार?

आणि आम्ही स्वतः घेतलेलं मी कसं विसरेन? १८९९-१९०० च्या दुष्काळात अलायन्स मिशनने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. माझे पणजोबा त्याच दुष्काळात आईबाप गमावलेलं पोर होते. कोणीतरी त्यांना जेवू घातलं, अक्षर शिकवलं, म्हणून आमचं घर उभं राहिलं. आम्ही मुळात घेणारी माणसं आहोत. आज देतो आहोत ते पूर्वी घेतलेल्यातलंच.

८. हातचं काम पुढच्या हातात द्यावं

टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि ते अर्धवट सोडून गेले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्यांना लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकावं लागलं होतं, त्या बाईंनी! १९३६ साली त्याही गेल्या. उरलेलं काम मुलाने, देवदत्तांनी, पुरं केलं आणि १९३८ मध्ये ग्रंथ बाहेर आला. सुरुवात करणाऱ्याने शेवट पाहिला नाही, तरी काम थांबलं नाही.

म्हणून आम्ही आता कुठेही जाताना मंडळीच्या तरुण संघातल्या एका मुलाला किंवा मुलीला सोबत नेतो. मोबाईलवर अर्ज भरणं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येतं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मध्येच न तोडता ऐकणं आम्ही त्यांना शिकवतो. कोणाचे कागद कुठे अडले, कोणाच्या पायाला कधी पट्टी झाली, डायलिसिसला कोणासोबत कोण जाणार, हे सगळं एका वहीत लिहिलेलं असतं, म्हणजे उद्या मी नसले तरी कोणाचं अडू नये. आपण गेल्यावर थांबेल असं काम आपण स्वतःभोवती बांधलेलं असतं. प्रभूचं काम असेल तर ते पुढे चालायलाच हवं, आणि त्याची तयारी आपण हयातीतच करायला हवी.

तुम्ही नुकतेच निवृत्त झाला असाल, जोडीदार गेला असेल, मुलं दूर असतील, तर माझं एवढंच सांगणं आहे. मोठी संस्था काढायच्या मागे लागू नका, पैसा जमवायची वाट पाहू नका. तुमच्या चर्चच्या, देवळाच्या किंवा मशिदीच्या आसपास एकटं राहणारं एक तरी माणूस असेलच. या आठवड्यात एक वार ठरवा, सोबत एकाला घ्या आणि त्या घरी जा. बसा, विचारा, ऐका. पुढे काय करायचं ते त्याच घरात कळेल, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा जा.